एकवीस वेळा, तळापासून

दूध ढवळायचं ते एकवीस वेळा, असा आमच्या कार्यालयातल्या जुन्या सरांचा नियम होता. वीस नाही आणि बावीसही नाही. हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही. कायदा एवढंच सांगतो की नमुना घेण्याआधी दूध नीट ढवळून एकजीव करावं. मग एकवीसच का, असं मी पहिल्या आठवड्यातच विचारलं होतं. ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "वीस झाले की मानूस कटाळतो, मॅडम. येक वरचा मारला की समजायचं, कटाळा आल्यावर बी ढवळलं."

अन्न सुरक्षा अधिकारी म्हणून हिंगोली ही माझी पहिली नेमणूक. दुकानांतून, हॉटेलांतून, दूधवाल्यांकडून नमुने घ्यायचे, ते सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवायचे आणि अहवाल वाईट आला की कारवाई करायची, असं आमचं काम. ते याच पदावर माझ्या जन्माच्या आसपास लागले होते आणि निवृत्तीला आले तरी याच पदावर होते. बढती का मिळाली नाही हे त्यांच्यासोबत एक दिवस फिरलं की कळायचं. मी दिवसाला चार नमुने घ्यायची, ते एक घ्यायचे. त्या एकाला दोन तास लावायचे आणि शिवाय दूधवाल्याला चहा पाजून यायचे.

ढवळणं ते स्वतः करत नसत, दूधवाल्याकडून करून घ्यायचे. दांडी त्याच्या हातात, आकडे यांच्या तोंडात. "वरून वरून न्हाई, तळापासून. हां, सात. आठ. आरं, कॅनाच्या कडंला काहून घासून राहिला? नऊ." बाजारात त्यांना सगळे 'एकवीस साहेब' म्हणायचे. हे त्यांना माहीत होतं आणि ते त्यांना आवडायचंही. ते लांबून येताना दिसले की दूधवाले आपणहून दांडी काढून हातात धरायचे. दूध कसं का असेना, ढवळण्यात कोणी कमी पडायचं नाही.

लाखेवर उठवायचा पितळी शिक्का ते करदोट्याला बांधून ठेवायचे. बाकी सगळे तो कपाटात कुलूप लावून ठेवतात. ते म्हणायचे, कपाटाची चावी चौघांकडे असते, माझा करदोटा माझ्याकडेच असतो. त्यामुळे नमुना सील करायची वेळ आली की भर बाजारात एक सरकारी अधिकारी शर्ट वर करून कमरेशी खुडबुड करताना दिसायचा. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. नवीन असताना मला इतकी लाज वाटायची की मी तेवढ्यापुरती पाठ फिरवून उभी राहायची.

एकदा कार्यालयातल्या शिपायाच्या मुलीच्या लग्नाला आम्ही गेलो होतो. पंगत बसली, वरण वाढायला माणूस आला. यांनी पत्रावळीवर आडवा हात धरला. "थांब बाबा. पयले ढवळ." त्याला वाटलं थट्टा आहे. तो हसला आणि ओगराळं पुढे करून उभा राहिला. हे हात काढेनात. शेवटी त्यानं बादली खाली ठेवून ढवळली तेव्हा कुठे यांनी हात बाजूला घेतला. आणि मग शेजारच्याला, त्याच्या शेजारच्याला, सगळ्या ओळीला ऐकू जाईल असं सांगायला लागले, "पयल्या पंगतीला पाणी अन् शेवटच्या पंगतीला डाळ, ह्यो काय इन्साफ हाय? बादली तर येकच हाय ना?" त्यांच्या सौ. बायकांच्या ओळीत खाली मान घालून बसल्या होत्या. त्यांचं आयुष्य कसं गेलं असेल याची मला तेव्हा कल्पना आली.

ही सगळी तऱ्हा बघून कुणाला वाटेल माणूस साधाभोळा होता. तसं नव्हतं. शहरातल्या एका मोठ्या मिठाईवाल्याकडे खव्याचा नमुना घेताना त्यांनी त्या गादीवर बसलेल्या मालकाला खाली उतरवून, बाह्या सरसावून, अख्खा खवा मळायला लावला होता. त्यानं दोन फोन लावले, तिसरा थेट आमच्या वरिष्ठांना, आणि वरिष्ठांचा फोन यांना आला. यांनी तो घेतला नाही, हात खव्यानं भरलेत म्हणून सांगितलं. हात खरं तर मालकाचे भरलेले होते. पुढे सुनावणीत मिठाईवाल्याच्या वकिलानं प्रत्येक पायरीवर बोट ठेवून पाहिलं आणि एकही सैल निघाली नाही. खव्यात भेसळ होती आणि ती सिद्ध झाली.

पण आमच्या वरिष्ठांना सर्वांत जास्त वैताग यायचा तो त्यांच्या पंचनाम्याचा. आमच्याकडे छापील पंचनामे असतात. नाव, गाव, वेळ एवढं भरायचं आणि खाली सह्या घ्यायच्या. 'नमुना घेण्यापूर्वी दूध पूर्णपणे ढवळून एकजीव करण्यात आले' हे वाक्य त्यात आधीच छापलेलं आहे. ते छापील कागद वापरायचेच नाहीत. कोरा कागद घेऊन, मांडीवर पॅड ठेवून, सगळं हातानं लिहायचे. लिहून झालं की दूधवाल्याला मोठ्यानं वाचून दाखवायचे, मधे मधे थांबून, "समजलं का? व्हय म्हन," असं विचारत. मी एकदा म्हटलं, सर, छापील घेतला तर अर्धा तास वाचेल. ते म्हणाले, "दांडीला हात लागायच्या आधीच त्यो कागद म्हनतो, ढवळलं. मग त्याच्यावर सही कशाची करायची?"

मला ते पटलं होतं असं आज म्हणायला सोपं आहे. तेव्हा मला ते हट्टी म्हातारे वाटायचे. वरिष्ठ मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणायचे, "काम कसं करावं हे मॅडमकडून शिका," आणि बघायचे त्यांच्याकडे. ते मान हलवून म्हणायचे, "बराबर हाय साहेब." मला मात्र ते कौतुक हवंहवंसं वाटायचं. अजून माझी नोकरी कायम व्हायची होती, असं कारण मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला देत राहिले.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर तपासणी मोहीम लागली आणि नेमकं त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. ते पंधरा दिवस रजेवर गेले. त्यांचीही गावं माझ्याकडे आली. त्या दिवशी दोन गावं उरकून मी दुपारी जवळा बाजार या गावी पोचले तेव्हा बाजार भर रंगात होता. बस स्टँडच्या बाजूला लिंबाखाली गयाबाई नावाची बाई दूध घेऊन बसायची. घरच्या तीन म्हशी, नवरा नाही, एक लेक लग्न होऊन गेलेली. गावातली तीन चहाची हॉटेलं आणि मुलींचं वसतिगृह तिच्याच दुधावर चालायचं. मी गेले तेव्हा तिचा कॅन सकाळपासून एका जागी होता. वरचं दूध विकून झालं होतं, अर्ध्याच्या खालचं उरलं होतं.

मी ओळखपत्र दाखवलं. तिनं न सांगता दांडी उचलली आणि म्हणाली, "ढवळू ना मॅडम?"

मी म्हटलं, "राहू द्या मावशी, उशीर होतोय."

"एकवीस साहेब तर..."

"ते रजेवर आहेत. द्या इकडे."

मी माप घेतलं, कॅनात खालपर्यंत बुडवलं आणि दूध बाहेर काढलं. नमुन्याचे चार भाग केले, दूध नासू नये म्हणून फॉर्मॅलिनचे थेंब टाकले, बाटल्या सील केल्या. छापील पंचनामा भरला. वाचून दाखवला नाही. ती एवढंच म्हणाली, "साहेब वाचून दाखवतेत," आणि मी बोट ठेवलं तिथं वळणदार अक्षरात सही केली. मला अजून चौथ्या गावाला जायचं होतं.

दोन आठवड्यांनी अहवाल आला. पाणी नाही, बाकी सगळं व्यवस्थित, फक्त फॅट कमी. दूध अप्रमाणित. म्हणजे कागदाच्या भाषेत, बाईनं साय काढून घेऊन दूध विकलं.

ते रजेवरून नुकतेच परतले होते, डोळ्यावर हिरवा चष्मा होता. अहवाल त्यांनी नाकाजवळ धरून वाचला, पुन्हा वाचला. मग मला विचारलं, "ढवळलं व्हतं ना, मॅडम?"

"हो सर."

त्यांनी हिरव्या काचांतून माझ्याकडे किती वेळ पाहिलं मला माहीत नाही. मी फायलीत बघत होते.

दूध तासन्तास एका जागी राहिलं की साय वर येते आणि वरचं विकलं गेलं की खाली पातळ उरतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी हे शिकून, परीक्षा देऊन आले होते. त्या दिवशी फक्त मला घाई होती. आणि एकदा 'हो' म्हटल्यावर ते परत कसं घ्यायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं, किंवा ज्यांनी शिकवलं असतं त्यांनाच मी 'हो' म्हटलं होतं.

गयाबाईनं दाद मागितली. दुसरी बाटली वरच्या प्रयोगशाळेत गेली. ते ऐकून ते नुसते हळहळले. "दुसरी बाटली बी तेच सांगल. चारी बाटल्या येकाच मापातल्या." तसंच झालं. तोपर्यंत वसतिगृहानं तिचं दूध बंद केलं होतं. हॉटेलवालेही एकेक करून सुटले. बाजारात तिला लोक 'सायवाली' म्हणायला लागले होते, हे आमच्या ड्रायव्हरनं मला सांगितलं, मी न विचारता.

सुनावणीच्या आदल्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले आणि दोन चिठ्ठ्या ठेवल्या. सकाळच्या पहिल्या बसनं ते जवळा बाजारला गेले होते. गयाबाईचा दुधाचा कॅन त्यांनी दुपारपर्यंत एका जागी ठेवायला लावला, वरचं दूध काढून घ्यायला लावलं, मग खालचं एक माप घेतलं. नंतर सगळं दूध परत ओतून, ढवळून, दुसरं माप घेतलं. दोन्ही बाटल्या जवळच्या दूध संकलन केंद्रावर नेऊन त्यांनी फॅट तपासून आणलं होतं.

"ही ढवळायच्या आधीची, ही नंतरची," ते म्हणाले. "तुमच्या अहवालातला आकडा यातल्या कोन्त्या चिठ्ठीवर हाय ते बगा."

मी बघितलं नाही. बघायची गरज नव्हती.

"मी पंचनाम्यावर न्हाई," ते खुर्ची ओढून बसले. "माझा शब्द तिथं चालनार न्हाई. ती बाई तर आरोपीच. तुमचाच शब्द चालल, मॅडम. उद्या तुमी म्हनल्या, घाईत राहून गेलं, तर तिचं दूध वाचतं."

"आणि माझं?"

"तुमाला येक मेमो भेटल. मला आकरा भेटलेत." ते हसले. मग हळू आवाजात म्हणाले, "मी सांगितलं तर ती तक्रार व्हईल. तुमी सांगितलं तर दुरुस्ती. म्हनून मी कुनाला बोललो न्हाई."

त्या रात्री मला झोप लागली नाही वगैरे लिहिणं खोटं होईल. मला चांगली झोप लागली. मी सांगायचं ठरवलं होतं आणि ठरवल्यामुळेच मला फार बरं वाटत होतं.

सुनावणी बाहेरगावच्या वरच्या कार्यालयात होती. तिथल्या खोलीत आमचे वरिष्ठ येऊन बसले होते. गयाबाई इस्त्रीचं लुगडं नेसून, हातात पिशवी घेऊन उभी होती. सर बाहेर व्हरांड्यात बाकावर होते. दार उघडं होतं. गयाबाई म्हणाली, "मी मॅडमला म्हनलं व्हतं, ढवळू का म्हनून. मॅडमला इचारा, त्यायला आठवत आसंल." सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी पंचनामा वर धरला आणि तिला विचारलं, ही सही तुमची का? ती म्हणाली, व्हय. मग मला विचारलं, "यात लिहिल्याप्रमाणे नमुन्याआधी दूध ढवळलं होतं?"

मी वरिष्ठांकडे पाहिलं. ते घड्याळ बघत होते.

"हो," मी म्हटलं.

 गयाबाईनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू तिचंच काही चुकलं असावं, तिलाच नीट आठवत नसावं.

येताना सर आणि मी एकाच बसनं आलो. ते माझ्या शेजारी बसले. मला वाटलं आता बोलतील आणि मी काय उत्तर द्यायचं ते जुळवत होते. त्यांनी कागदात बांधलेल्या भुईमुगाच्या शेंगा काढल्या, फोडल्या, दाणे माझ्या हातावर ठेवले. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला आता लांबच्या पाट्या वाचता येतात असं सांगितलं आणि हिंगोली येईपर्यंत मला पाट्या वाचून दाखवल्या. त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर मी तिथंच रडून मोकळी झाले असते. तसं त्यांनी केलं नाही, आणि त्याचा मला त्यांच्यावर बरेच दिवस राग होता.

तीन महिन्यांनी ते निवृत्त झाले. निरोपाचं भाषण मीच केलं, कारण मला बोलता येतं. प्रामाणिकपणा हा शब्द मी त्यात चार-पाच वेळा वापरला. ते हात जोडून ऐकत होते. निघताना म्हणाले, "जवळा बाजारला येत जा कधी. मी हट्ट्याला, गावी असतो, पर बाजारच्या दिवशी तिकडंच असतो." मी म्हटलं, "येते ना सर, नक्की." मग माझी नोकरी कायम झाली आणि बदली होऊन मी दुसऱ्या जिल्ह्यात गेले.

त्यांचा नंबर माझ्याकडे होता. दिवाळीला मी शुभेच्छा पाठवायची, ते उलट उगवत्या सूर्याचं चित्र पाठवायचे. दर वेळी वाटायचं, आता फोन करावा आणि एकदाचं सांगून टाकावं. काय सांगायचं हे पाठ होतं, वाक्य फार तर दोन होती. पण आज सुट्टी आहे, आज ते झोपले असतील, आज मला बरं नाही, असं करत सहा वर्षं गेली. गेल्या पावसाळ्यात जुन्या कार्यालयाच्या ग्रुपवर त्यांचा फोटो आला, खाली भावपूर्ण श्रद्धांजली. बाकीच्यांनी जोडलेले हात टाकले होते. मीही जोडलेले हात टाकले आणि फोन उपडा ठेवला.

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी मी रजा काढून जवळा बाजारला गेले. गयाबाई अजून बसते की नाही हेही मला माहीत नव्हतं. ती होती. कॅन एकच होता आणि तो लहान होता. तिच्या बाजूला एक रिकामं पोतं अंथरलेलं होतं. तिनं मला लगेच ओळखलं, तरी पदर सावरून अनोळखी माणसाशी बोलावं तसं म्हणाली, "किती देऊ?"

मी तिथंच उकिडवी बसले. बाजार चालू होता, माणसं जात-येत होती. मी सहा वर्षं पाठ केलेली दोन वाक्यं बोलले. मावशी, त्या दिवशी मी दूध ढवळू दिलं नाही. आणि सुनावणीत मी खोटं बोलले.

तिनं ऐकून घेतलं. तिला राग आला नाही, आश्चर्यही वाटलं नाही.

"मला काय सांगता मॅडम?" ती म्हणाली. "मला तर ठावंच हाय. मी तिथंच व्हते की."

 आपण जे उराशी धरून इतकी वर्षं फिरलो ते समोरच्या बाईला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, ही साधी गोष्ट माझ्या कधी डोक्यातच आली नव्हती.

"दंडापायी दोन म्हशी इकल्या मी तवा," ती म्हणाली. "तिसरी बी इकनार व्हते. साहेबांनी इकू दिली न्हाई. नोकरी सुटल्यावर दर बाजारला यायचे, हितं पोत्यावर बसायचे. गिऱ्हाईक आलं की म्हनायचे, मी हाय ना, घे बिनधास्त. दोन हाटेलं परत लागली ती त्यायच्यामुळं."

"मी त्यांना भेटायला यायचं म्हणत होते," मी म्हटलं.

"त्यायला बी तेच वाटायचं." तिनं कुणा गिऱ्हाइकाला माप भरून दिलं, सुटे पैसे कनवटीला लावले आणि मग माझ्याकडे वळली. "आल्या आल्या पयले तेच इचारायचे, मॅडम येऊन गेल्या का? मी म्हनायचे, न्हाई बा. मग पोत्यावर बसायचे अन् म्हनायचे, येतील."